पेशीला भार कळतो



महिन्यातून एकदा आमची विहारात आरोग्य बैठक असते. महिला मंडळाच्या भगिनी औषधांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे घेऊन येतात. आम्हाला कळते तेवढे आम्ही समजावून सांगतो, कळत नाही ते डॉक्टरांना विचारून पुढच्या बैठकीत सांगतो. मागच्या वेळी दोन प्रश्न एकामागोमाग आले.

पहिला प्रश्न एका सुनेचा होता. सासूबाई मोरीत पाय घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून उभं करा, वॉकर धरून चालवा." घरी मात्र सगळे म्हणतात, "एवढं मोठं ऑपरेशन झालंय, दोन महिने पडून राहू दे म्हातारीला. हाड भरू दे आधी."

दुसरा प्रश्न एका आईचा. मुलगा पाच वर्षांचा. चालता चालता पडतो, जिना चढताना कठड्याला धरून एकेक पायरी चढतो. पोटऱ्या मात्र चांगल्या भरदार दिसतात. शेजारी म्हणतात, "आळशी आहे पोरगं. रोज मैदानात पळवा, उठाबशा काढायला लावा, पाय घट्ट होतील."

दोन्ही घरांत सल्ला मायेनेच दिला जात होता. आणि दोन्ही घरांत तो उलटा होता. ज्या आजीच्या शरीराला भार हवा होता तिला झोपवून ठेवले होते. ज्या मुलाला जास्तीचा भार बहुधा सोसणार नव्हता त्याला दामटले जात होते. हे असे का, ते समजून घ्यायचे तर शरीरातल्या अगदी लहान वस्तूपर्यंत, म्हणजे पेशीपर्यंत जावे लागते. या महिन्याचे पान त्यासाठीच आहे.

आधी आपला तळहात पाहा

आपल्या वस्तीत बांधकामावर जाणारी, हमाली करणारी, हातगाडी ओढणारी माणसे घरोघरी आहेत. त्यांचे तळहात पाहा. बोटांच्या मुळाशी घट्टे असतात. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हाताला ते नसतात. मग हाताला कसे कळले की या ठिकाणी फावड्याचा दांडा रोज घासतो, म्हणून येथेच कातडी जाड करायची?

आणखी एक गोष्ट आठवा. नव्याने कामाला लागलेल्या पोराला पहिल्या दिवशी घट्टा पडत नाही, फोड येतो. कातडीला एवढ्या घासण्याची सवय नसते. थर एकमेकांवरून सरकतात, सुटतात आणि मध्ये पाणी भरते. तेच काम हळूहळू वाढवत नेले, मध्ये हाताला उसंत मिळाली, तर काही आठवड्यांत त्याच जागी घट्टा तयार होतो. म्हणजे तोच दांडा, तेच घासणे. एकदा कातडी फुटते आणि एकदा ती बांधली जाते. फरक एवढाच की पेशींना उत्तर द्यायला वेळ मिळाला की नाही.

"पेशींनी उत्तर देणे" हे बोलण्यापुरते म्हटलेले नाही. पेशीला खरोखर ओढ कळते, दाब कळतो, आणि ती त्याप्रमाणे स्वतःला बदलते. हे काम करणारी प्रथिने आता शास्त्रज्ञांना नावानिशी माहीत आहेत.

पेशी म्हणजे पाण्याची पिशवी नव्हे

माणसाच्या शरीरात सुमारे 30 लाख कोटी पेशी आहेत. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पेशी पाण्याच्या पिशवीसारखी दिसते: बाहेर पातळ पापुद्रा, आत पातळ द्रव, मधोमध केंद्रक. प्रत्यक्षात त्या द्रवात धाग्यांचे आणि नळ्यांचे दाट जाळे असते. त्याला पेशीचा सांगाडा म्हणतात. हाडांचा सांगाडा वेगळा. हा प्रत्येक पेशीच्या आतला.

हा सांगाडा डोळ्यांसमोर आणायचा असेल तर जयंतीचा मांडव आठवा. मांडवाला बांबूचे खांब लागतात, ते दाब पेलतात. दोर लागतात, ते ताण पेलतात. वरून कापड असते. आणि चहूबाजूंनी जमिनीत ठोकलेल्या खुंट्या असतात, त्यांना दोर बांधलेले असतात. एका बाजूचा दोर ओढला की दुसऱ्या टोकाचे कापडही हलते, कारण सगळे एकमेकांना बांधलेले आहे.

पेशीतही तीन प्रकारचे सामान असते.

पहिले, ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे. हे मांडवाचे ताणलेले दोर. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा एक धागा बारीक असतो. ॲक्टिनचा शोध 1942 साली हंगेरीतील सेगेद येथे ब्रुनो श्ट्रौब यांनी स्नायूंवर काम करताना लावला. मायोसिन नावाचे दुसरे प्रथिन या धाग्यांना धरून ओढते. आपला दंड वळतो तो याच ओढीमुळे. पण स्नायूखेरीज इतर पेशींमध्येही ही जोडी असतेच.

दुसरे, सूक्ष्मनलिका. या पोकळ नळ्या. मांडवातल्या बांबूंसारख्या त्या दाब पेलतात, शिवाय पेशीच्या आत मालवाहतुकीचे रस्ते म्हणूनही त्या उपयोगी पडतात.

तिसरे, मधल्या जाडीचे चिवट धागे. हे ताणले तर लांबतात, पण सहजी तुटत नाहीत. कातडीच्या पेशींमध्ये हे धागे केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात. केस आणि नखेही केराटिनचीच. काही मुले अशी जन्माला येतात की त्यांच्या कातडीतल्या केराटिनच्या जनुकात बिघाड असतो. त्यांना चपलेच्या पट्ट्याने किंवा कपड्याच्या शिवणीने घासले तरी फोड येतात. एका प्रथिनाचा धागा कच्चा निघाला, तर साधे घासणेही कातडीला जड होते.

मांडवात आणि पेशीत एक मोठा फरक आहे. मांडव एकदा उभा केला की तसाच राहतो. पेशी आपले दोर सतत सोडवते आणि पुन्हा बांधते. ॲक्टिनचा धागा एका टोकाला वाढत असतो, दुसऱ्या टोकाला सुटत असतो. म्हणूनच पेशीला जिकडून ओढ येते तिकडे जास्त दोर लावता येतात, आणि जिथे ओढच नाही तिथले दोर काढून घेता येतात.

ओढ कळते कशी?

मांडवाच्या खुंट्या आठवा. पेशीच्या पापुद्र्यातून आरपार गेलेली इंटिग्रिन नावाची प्रथिने असतात. त्यांचे बाहेरचे टोक पेशीभोवतीच्या कोलॅजेनसारख्या तंतूंना धरते. आतले टोक टॅलिन नावाच्या प्रथिनाला बांधलेले असते आणि टॅलिन ॲक्टिनच्या दोराला. म्हणजे बाहेरची जमीन, खुंटी, गाठ आणि आतला दोर अशी सलग साखळी झाली.

यातली टॅलिनची गाठ फार हुशार आहे. टॅलिन हा घड्या घातलेल्या दोरासारखा असतो. ओढ नसते तेव्हा घड्या मिटलेल्या असतात. ओढ आली की एकेक घडी उलगडते आणि तिच्यात लपलेली जागा उघडी पडते. त्या जागेवर व्हिन्क्युलिन नावाचे प्रथिन येऊन बसते आणि आणखी ॲक्टिनचे दोर तेथे जोडून घेते. थोडक्यात, जिथे ओढ जास्त, तिथे गाठ आपोआप मजबूत. 2009 साली अमेरिकेत मायकेल शीट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकाच्या साहाय्याने टॅलिनचा एकेक रेणू ताणून हे प्रत्यक्ष दाखवले.

पेशी नुसती ओढ येण्याची वाट पाहत बसत नाही. ती स्वतःच आपल्या खुंट्या आतून ओढून पाहते आणि जमीन घट्ट आहे की भुसभुशीत ते चाचपते. खुंटी ठोकणारा माणूस दोराला झटका देऊन बघतो ना, तसेच. 2006 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲडम एंग्लर आणि डेनिस डिशर यांच्या गटाने एक प्रयोग केला. हाडाच्या मगजातल्या मूळ पेशी घेतल्या. या पेशी अजून काय व्हायचे ते न ठरलेल्या असतात. त्या वेगवेगळ्या घट्टपणाच्या जेलीवर ठेवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलीवरच्या पेशी मज्जापेशींसारख्या होऊ लागल्या. स्नायूइतक्या घट्ट जेलीवरच्या स्नायूपेशींसारख्या, आणि त्याहून कडक जेलीवरच्या हाडाच्या पेशींसारख्या. मग मायोसिनची ओढ औषधाने बंद केली, तेव्हा पेशींना हा फरक ओळखता येईना. ओढून पाहणे थांबले आणि जमिनीची जाणीवही गेली.

ही जाणीव सांगाड्याच्या दोरांवरून केंद्रकापर्यंत पोहोचते. कोणती जनुके चालू ठेवायची, कोणते प्रथिन किती बनवायचे, यावर तिचा परिणाम होतो. घट्टा पडतो, हाड जाड होते, स्नायू भरतो, ते सगळे या वाटेने.

हाडालाही कळते

हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत आहे. जर्मनीतील सर्जन युलियस वोल्फ यांनी 1892 साली मांडले की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते. टेनिस खेळणाऱ्यांचा ज्या हातात रॅकेट असते त्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते, हे एक्स-रेमध्ये दिसते.

हाडातल्या बहुसंख्य पेशी हाडाच्या आत लहान लहान खोबणींत बसलेल्या असतात. त्यांचे लांब हात बारीक बोगद्यांतून एकमेकांना धरून असतात आणि त्या बोगद्यांत द्रव असतो. आपण पाऊल टाकले की हाड अगदी सूक्ष्म वाकते, बोगद्यातला द्रव सरकतो, पेशींच्या हातांना ओढ बसते. ही ओढ मिळत राहिली की या पेशी "हाड बांधणे थांबवा" असे सांगणारे स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन कमी सोडतात, आणि बांधकाम चालू राहते. ओढ मिळाली नाही की ते प्रथिन वाढते आणि बांधकाम थंडावते.

अंतराळवीरांच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. अंतराळात शरीराचे वजन हाडांवर पडत नाही. तेथे खुब्याच्या भागातले हाड दर महिन्याला सुमारे 1 ते 1.5 टक्का कमी होऊ शकते. धडधाकट, चांगले खाणारी-पिणारी माणसे असूनही. म्हणून त्यांना रोज व्यायाम करावाच लागतो.

अंथरुणाची किंमत

आता आजीकडे येऊ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे हाड आणि अंतराळवीराचे हाड यांची तक्रार एकच आहे: भार नाही.

1966 साली अमेरिकेतील डॅलस येथे 20 वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांची दमसास टिकवण्याची क्षमता चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. पन्नाशीला आलेल्या त्या माणसांची तीस वर्षांतली घट तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमी निघाली. तीन आठवड्यांच्या अंथरुणाने तीस वर्षांच्या वयापेक्षा जास्त घेतले होते.

म्हाताऱ्या माणसाचे तर आणखी लवकर जाते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तर त्यांच्या पायांचे मांस सुमारे एक किलोने घटले. दहा दिवसांत एक किलो! मग दोन महिने "आराम" दिलेल्या आजीच्या पायांत उभे राहण्याइतका तरी जीव कुठून राहणार?

आणखी एक धोका पाठीला आणि माकडहाडापाशी. झोपून राहिलेल्या माणसाचा भार तासन् तास त्याच जागेवर पडतो. तिथल्या पेशी चेपल्या जातात, त्यांच्या आतला सांगाडा मोडतो, रक्तही पोहोचत नाही. मग जखम होते, ती खोल जाते. हीच अंथरुणाची जखम, बेडसोअर. म्हणजे झोपवून ठेवल्याने एका बाजूला पायांना भारच मिळत नाही आणि दुसऱ्या बाजूला पाठीला न संपणारा भार मिळतो. पेशींना दोन्ही सोसत नाही. त्यांना हवा असतो तो येणारा-जाणारा भार, मध्ये उसंत असलेला.

त्या सुनेला आम्ही म्हणालो, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ते सासूबाईंना त्रास द्यायला नाही. पाऊल पडलं तरच हाडाला कळेल की अजून आपली गरज आहे."

दोरच नसेल तर

आता त्या मुलाकडे. भार दिल्याने शरीर बांधले जाते, मग पळवल्याने त्याचे पाय का घट्ट होणार नाहीत?

येथे पुन्हा मांडव आठवा. स्नायूच्या पेशीत ॲक्टिनच्या दोरांना पेशीच्या पापुद्र्याशी आणि पापुद्र्यातून बाहेरच्या तंतूंशी बांधून ठेवणारे एक लांबलचक प्रथिन असते, डिस्ट्रॉफिन. स्नायू जोराने आखडतो तेव्हा ती ओढ पापुद्र्यावर एकट्यावर न येता डिस्ट्रॉफिनमार्फत बाहेर वाटली जाते. हे प्रथिनच नसले तर वारा आल्यावर न बांधलेले कापड जसे फाटते तसा दर हालचालीला पापुद्रा थोडा थोडा फाटतो. पेशीतले द्रव्य रक्तात गळते. शरीर दुरुस्ती करत राहते, पण वर्षामागून वर्षे दुरुस्ती कमी पडते. मरणाऱ्या स्नायूच्या जागी चरबी आणि कडक तंतू भरतात. म्हणूनच अशा मुलाची पोटरी भरदार दिसते. ती ताकदीची पोटरी नसते.

या आजाराला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणतात. फ्रान्सचे डॉक्टर गिओम डुशेन यांनी 1860 च्या दशकात त्याचे सविस्तर वर्णन केले. कारण मात्र सव्वाशे वर्षांनी सापडले. अमेरिकेत लुई कुंकेल यांच्या गटाने 1986 साली जनुक शोधले आणि 1987 साली त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला डिस्ट्रॉफिन हे नाव मिळाले. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार असतो.

अशा मुलाला उठाबशा, मैदानाच्या फेऱ्या, जिने उतरण्याचा व्यायाम लावला तर इतरांचा स्नायू ज्या ओढीने वाढतो त्याच ओढीने त्याचा स्नायू फाटतो. आखडलेला स्नायू ओढून लांबवणारे काम, जसे उतारावरून धावणे, उड्या मारणे, जिना वारंवार उतरणे, सर्वांत वाईट. पण त्याला झोपवून ठेवणेही चूक. शाळेत जाणे, दमल्यावर थांबून बेताने खेळणे, जमले तर पाण्यात पोहणे, आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पाय ताणण्याचे प्रकार रोज करणे, हे त्याच्यासाठी योग्य.

कधी शंका घ्यावी?

दोन ते पाच वर्षांच्या मुलात ही लक्षणे दिसली तर थांबू नका:

- दीड वर्ष उलटले तरी चालायला लागला नाही.
- बरोबरीच्या मुलांपेक्षा जास्त पडतो, नीट पळता येत नाही, उडी मारता येत नाही.
- जमिनीवरून उठताना आधी ओणवा होतो आणि मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो.
- चवड्यांवर चालतो, पोट पुढे काढून डुलत चालतो.
- पोटऱ्या जाड दिसतात.

पहिली तपासणी साधी आहे. रक्तातले सीपीके पाहतात. स्नायू फाटून गळत असेल तर ते नेहमीपेक्षा कितीतरी पट वाढलेले असते. एक गोष्ट लक्षात ठेवा: याच गळतीमुळे एसजीओटी, एसजीपीटी हे आकडेही वाढतात आणि मुलाला लिव्हरचा आजार आहे असे समजून महिनोन् महिने त्याचेच औषध चालू राहू शकते. मूल पडतही असेल तर "सीपीके पाहायचे का?" असे डॉक्टरांना नम्रपणे विचारा. पक्के निदान जनुकाच्या तपासणीने होते.

हा आजार पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. पण करण्यासारखे पुष्कळ आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या स्टिरॉइडने मुलाचे चालणे काही वर्षे जास्त टिकते. ते औषध मनाने सुरू करायचे नाही आणि एकदम बंद तर कधीच करायचे नाही. हृदय आणि श्वास यांची वेळोवेळी तपासणी लागते. कोणतेही ऑपरेशन असेल, अगदी लहानसे, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आधी सांगावा. काही भुलीची औषधे अशा मुलांना धोक्याची असतात.

दोष कोणाचाही नाही

बैठकीत ती आई शेवटी हळू आवाजात म्हणाली, "सासरचे म्हणतात, तुझ्या माहेरचा दोष आहे. कोणी म्हणतं मागच्या जन्माचं आहे. भगताकडे न्यायचं म्हणतात."

यावर आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. डिस्ट्रॉफिनचे जनुक माणसाच्या सर्वांत मोठ्या जनुकांपैकी एक आहे, त्याची लांबी वीस लाख अक्षरांहून जास्त. एवढा मोठा मजकूर पिढ्यान् पिढ्या उतरवताना कुठे तरी चूक राहते. सुमारे एक तृतीयांश मुलांत ही चूक नव्यानेच झालेली असते, आईत ती नसतेच. उरलेल्यांत आई ती चूक नकळत वाहत असते. तिला बहुधा स्वतःला त्रास नसतो आणि कळायला मार्गही नसतो. अशा आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला ती चूक वाहण्याची शक्यता निम्मी-निम्मी. तिने काय खाल्ले, कुठे गेली, ग्रहणात काय केले, याचा काहीही संबंध नाही. पाप नाही, शाप नाही, करणी नाही. एका प्रथिनाची दोरी नाही, एवढेच.

म्हणून अंगारा-धुपाऱ्यात वेळ आणि पैसा घालवू नका. आईची, बहिणींची आणि मावश्यांची जनुक तपासणी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, म्हणजे पुढच्या बाळंतपणाआधी निर्णय माहितीवर घेता येईल. आई वाहक असेल तर तिनेही हृदयाची तपासणी करून घ्यावी.

घराघरांसाठी

अंथरुणावर कोणी असेल तर:

- कधी उठवायचे, किती चालवायचे, पायावर किती वजन द्यायचे, हे सुट्टी देतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या.
- उठता येत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदला. टाचा, खुबे, माकडहाड रोज उजेडात पाहा. लाल डाग दाबून गेला नाही तर लगेच दाखवा.
- झोपल्या झोपल्या घोटे हलवणे, गुडघा दुमडणे-सरळ करणे, कडेला बसवणे, हेही पेशींना मिळालेले काम आहे.
- डाळ, अंडी, मासे, दूध, शेंगदाणे यांपैकी परवडेल ते रोज द्या. बांधकामाला सामान लागतेच.

मूल पडत असेल तर:

- अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना मूल दाखवा आणि पुढची चिठ्ठी मागा.
- निदान होईपर्यंत जबरदस्तीचा व्यायाम बंद ठेवा, शाळा बंद करू नका.
- मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेला दिव्यांगपणा आहे. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून घ्या. ते हक्काचे आहे.

आणि जे रोज ओझी उचलतात त्यांनी असे समजू नये की आपल्याला भार मिळतोच, आता काळजी नाही. पाठीला आणि गुडघ्याला उसंत न देता तोच भार रोज दिला, तर तो बांधणारा भार राहत नाही. ओझे अंगाजवळ धरा, गुडघ्यात वाकून उचला, बाजू बदला, आणि रात्रीची झोप कापू नका. दुरुस्ती त्याच वेळेत होते.

सासूबाई आता वॉकर धरून मोरीपर्यंत जातात. मुलाचे सीपीके फार वाढलेले आले आणि त्याला जनुक तपासणीसाठी मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवले आहे. रिपोर्ट यायचा आहे. काय येईल ते आज सांगता येत नाही. पण त्याला पळवणे थांबले आहे, आणि परवा त्याची आजी स्वतः त्याला शाळेत सोडायला गेली होती.

आपल्या वस्तीत असे कोणी पडून असेल, किंवा असे कोणाचे मूल पडत असेल, तर हे पान त्या घरात वाचून दाखवा.